काका, तुमच्या त्या चिठ्ठीसाठी

काका, नमस्कार. परवा फोनवर नीट बोलताच आलं नाही, गळा दाटून आला होता, म्हणून लिहितेय. आणि मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय.

बाबांच्या एलपी रेकॉर्डी कितीतरी वर्षं माळ्यावर पडून होत्या. त्यांच्यासाठी सेकंडहँड टर्नटेबल घेतला, त्याला डेनॉनचं डीएल-१०३ कार्ट्रिज (सुईच्या थरथरीचा विद्युत सिग्नल करणारा भाग) आधीपासूनच लावलेलं होतं. तो बारीक सिग्नल वाढवून अँप्लिफायरला देणारा डबा, म्हणजे फोनो प्रीअँप, घ्यायला गेले तेव्हा कार्ट्रिजचं नाव कागदावर लिहून नेलं होतं, पण दुकानदाराने तो कागद हातातसुद्धा घेतला नाही. "अहो मॅडम, फोनो म्हणजे फोनो, सगळ्याला चालतो" म्हणून एक डबा गळ्यात मारला. घरी लावला तर आवाज नुसता क्षीण, व्हॉल्यूम पार शेवटपर्यंत नेला तर भीमसेनजी कुठेतरी लांब आणि त्यांच्या वरताण ती घूंऽऽ अशी घरघर. परत विचारायला गेले तर म्हणे रेकॉर्डी जुन्या झाल्यात, दुसऱ्या एकाने सांगितलं अँप्लिफायर मोठा घ्या. बाबा एवढंच म्हणाले, "राहू दे गं, झिजल्या असतील." ज्या माणसाने आयुष्यभर रेकॉर्ड कडेला धरून उचलली, खोबणीला कधी बोट लागू दिलं नाही, त्याला झिजल्या म्हणून सांगायचं? अजून राग येतो मला.

तुम्ही पहिल्यांदा काय विचारलंत तर, कार्ट्रिज कुठलं? नाव ऐकल्यावर लगेच म्हणालात, अगं हे मूव्हिंग कॉइल (एमसी) जातीचं, याच्यातून जेमतेम ०.३ मिलिव्होल्ट निघतात, साध्या मूव्हिंग मॅग्नेट (एमएम) कार्ट्रिजमधून साधारण ३ ते ५ निघतात, आणि तुझा डबा फक्त एमएमचा, त्याचा गेन, म्हणजे सिग्नल वाढवायची ताकद, ४० डेसिबल (डीबी) म्हणजे १०० पट, तुला ६० डीबी पाहिजे, म्हणजे १००० पट. शिवाय एमएमला ४७ किलोओहम लोड (प्रीअँपचा कार्ट्रिजला मिळणारा विद्युत रोध) लागतो, याला १०० ओहमच्या आसपास बरा. रेकॉर्ड कापतानाच बास दाबतात आणि ट्रेबल चढवतात, प्रीअँप ते उलटं करून गाणं सरळ करतो, हेही बाबांना तुम्ही इतकं निवांत समजावलंत की नंतर ते मलाच शिकवत होते. रेकॉर्डींना काही झालेलं नाही, हे तुम्ही माझ्याकडे न बघता त्यांच्याकडे बघून सांगितलंत, तेही लक्षात आहे माझ्या.

पण सगळ्यात जास्त मनात राहिली ती चिठ्ठी. तुमचा स्वतःचा प्रीअँप तुम्ही आमच्याकडे ठेवून गेलात, "आधी ऐका, मग विकत घ्या" म्हणून. पिशवीतून काढला तर खालची बारीक बटणं तुम्ही आधीच लावून ठेवलेली, आणि वर चिकटपट्टीने चिकटवलेला वहीचा कागद, मोठ्या ठसठशीत अक्षरात: "सुई उचललेली असतानाच चालू-बंद करावे. खालच्या बटणांना हात लावू नये. बाकी बिनधास्त." बाबांना चष्म्याशिवाय वाचता यावं एवढं मोठं अक्षर! त्यांची नजर कमी झालीय हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, तुम्ही ते बघितलं होतंत. मी ऑफिसात असताना त्यांनी एकट्याने रेकॉर्ड लावली, कुणाला हाक न मारता.

तानपुऱ्याची जवारी, तारांचा तो झणकार, आता स्वच्छ ऐकू येते, गायकाने समेच्या आधी घेतलेला श्वाससुद्धा.

ज्याला एखादी गोष्ट येते त्याने समोरच्याला लहान न करता ती सांगायची, यात विकायचं काही नाही, मिळवायचं काही नाही, आणि तरी आपली वस्तू अनोळखी घरात ठेवून जायची, असा चांगुलपणा मी फार कमी बघितलाय काका. दुकानात पैसे मोजूनही जे मिळालं नाही ते तुम्ही चहासुद्धा न घेता दिलंत.

एमसीवाला प्रीअँप आता आम्ही घेतलाय, त्या मोठ्या अँप्लिफायरपेक्षा बराच स्वस्त पडला. तुमचा परत द्यायचाय. चिठ्ठी मात्र बाबा देत नाहीत, ती नव्या डब्यावर लावलीय. रविवारी काकूंना घेऊन जेवायलाच या, आई पुरणपोळी करणार आहे आणि यावेळी नाही म्हणायचं नाही.