आईचा लेहरा आणि माझी बेस गिटार

कोलोन, जर्मनी
रविवार सकाळ

ती. आई-बाबांना,
शि. सा. न.

गेल्या रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, "तुम्ही चौघं तिथे नक्की वाजवता तरी काय?" मी म्हणाले, "फंक आणि प्रोग्रेसिव्ह रॉकच्या मधलं काहीतरी." पलीकडे दोन क्षण शांतता. मग कुकरची शिट्टी झाली आणि आईने विषय दादाच्या नव्या गाडीवर नेला. फोन ठेवल्यावर मला रुखरुख लागून राहिली. बाबांनी मनापासून विचारलं होतं आणि मी दोन इंग्रजी नावं फेकून मोकळी झाले. ज्या माणसाने मला बोटं धरून ताली-खाली शिकवली त्याला एवढंच उत्तर? म्हणून हे पत्र लिहायला बसले. लांबेल. दुपारच्या चहाबरोबर वाचा आणि आईलाही मोठ्याने वाचून दाखवा, कारण यातलं निम्मं तिच्याबद्दलच आहे.

आधी एक चूक सांगते. आम्ही दर बुधवारी संध्याकाळी एका तळघरात जमतो. ड्रम, गिटार, कीबोर्ड आणि बेसवर, म्हणजे खर्जातल्या गिटारवर, मी. मध्यंतरी सात मात्रांची एक चाल बसवायला घेतली. मला वाटलं, सात म्हणजे आपला रूपक ताल, घरचंच काम. मनातल्या मनात 'ती ती ना, धी ना, धी ना' म्हणत वाजवायला लागले, पण चाल काही केल्या उभी राहीना. ड्रमवाल्याने तिसऱ्यांदा थांबवलं आणि म्हणाला, "तू पहिली मात्रा कुठे ठेवून येतेस?" घरी येताना ट्राममध्ये उलगडा झाला. रूपकाची सम, म्हणजे पहिली मात्रा, 'खाली'वर असते! आपण तिथे हात उचलतो, डग्गा गप्प असतो. आणि हे लोक नेमकी तिथेच सगळ्यात जड ठेच मागत होते. पुढच्या बुधवारी रूपक सोडला आणि बाबांचा पखवाजाचा तीव्रा ताल धरला: धा दिं ता, तिट कत, गदि गन. मात्रा तितक्याच, पण समेवर सणसणीत धा. चाल लगेच चालायला लागली.

फंक म्हणजे काय, तर बाबा, ती समच. अमेरिकन गायक जेम्स ब्राउन तिला 'द वन' म्हणायचा, म्हणजे नुसतं 'एक'. त्याच्या आधीच्या अमेरिकन नाचगाण्यांत टाळी पडायची ती दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. त्याने 1967 च्या 'कोल्ड स्वेट' या गाण्याच्या सुमारास सगळा बँड पहिल्या मात्रेभोवती बांधला. गिटार, सॅक्सोफोन, ट्रम्पेट, त्याचा स्वतःचा आवाज, सगळ्यांना त्याने तालवाद्यं करून टाकलं. गिटारवाला सूर लांबवत नाही, खटके देतो आणि गप्प बसतो. गप्प बसण्याच्या त्या जागाही ठरलेल्या. 1970 मध्ये बूट्सी कॉलिन्स नावाचा 18 वर्षांचा पोरगा त्याच्याकडे बेस वाजवायला आला. हात चपळ, सुरावटी भरपूर. ब्राउनने त्याला शिकवलं ते एवढंच की समेवर ये, मग मधे हवं ते कर. बूट्सी हे स्वतः सांगतो. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला गणपतीच्या मिरवणुकीतला बेलबाग चौक आठवला. पथकाचे सगळे ढोल एकदम पडले की कानाच्या आधी छातीला कळतं, आणि ताशा मधल्या जागा भरत सुटतो. दादाच्या गळ्यात ढोल असायचा तेव्हा तो म्हणायचा, "ठोका चुकला तर माफी आहे, 'एक' चुकला तर नाही." दादाला सांगा, तो त्या वेळी फंकच वाजवत होता.

प्रोग्रेसिव्ह रॉकचा कल याच्या उलट. साठच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या मुलांना तीन मिनिटांची गाणी पुरेनाशी झाली. त्यांना विस्तार हवा होता, रागासारखा सावकाश उलगडत जाणारा. येस या बँडच्या 1972 च्या 'क्लोज टू द एज'ने एलपीची आख्खी एक बाजू घेतली आहे, 18 मिनिटांच्या वर. मात्रा पाच, सात, अकरा, कशाही. यातलं पुष्कळ मला मनापासून आवडतं आणि काही अजिबात नाही. एखादा तबलजी नुसतीच गणितं मांडायला लागला की बाबा हळूच म्हणायचे, "पाढे म्हणतोय." यांच्यातही पाढे म्हणणारे आहेत.

दादाचं मत मला माहीत आहे: फंक नाचायला, प्रोग्रेसिव्ह रॉक डोळे मिटून ऐकायला, दोन्हींचा संबंध नाही. पण त्याच्याच खोलीत भिंतीवर ज्या पिंक फ्लॉइडचं पोस्टर होतं, त्यांचं 'मनी' घ्या. 1973 चं गाणं. सात मात्रांची बेसची चाल, आणि तरीही पाय हलतो. त्यांचा गिटारवादक डेव्हिड गिल्मरवर मेम्फिसच्या बुकर टी अँड द एमजीज या बँडचा संस्कार होता, त्याने तो मोकळेपणाने सांगितला आहे. गाण्यात सॅक्सोफोन सातातच वाजतो, पण गिटारची पाळी आली की सगळे चारात उतरतात आणि ती संपली की परत सातात. ते चारात उतरणं नीट ऐका. अंगावरचं ओझं उतरल्यासारखं वाटतं.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

बाबा, तुमचा सकाळचा तबल्याचा रियाज आठवा. पेशकार, कायदे, रेले, चक्रदार, तास-तासभर. आणि शेजारी आई पेटीवर लेहरा धरून. किरवाणी रागातली तीच सोळा मात्रांची ओळ, पुन्हा पुन्हा. डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर, एक कान स्वयंपाकघरात. शिट्टी झाली तर ती मान वळवून माझ्याकडे बघायची, मी उठून गॅस बारीक करायची, पण लेहरा हलायचा नाही. तुम्ही कितीही दूर जाऊन तिहाई घेऊन आलात तरी आई समेवर उभीच असायची. कुणी कौतुक केलं की म्हणायची, "मी काय, नुसता लेहरा धरते."

मला कोलोनला येऊन कळलं की फंक आणि प्रोग्रेसिव्ह रॉक एकमेकांना भेटतात ते या लेहऱ्यावर. एकाने ओळ धरायची, लहान, ठसठशीत, समेवर जड. ती फंकची. आणि तिच्या भरवशावर दुसऱ्याने लांब निघून जायचं, लय दुप्पट करायची, आडवी तोडायची. ते प्रोग्रेसिव्ह. ओळ डळमळली की वरचा विस्तार पाढे होतो, आणि विस्तार नसला तर ओळ थोड्या वेळाने नुसती फिरत राहते. दोन्ही एकत्र असतील तर पंधरा मिनिटं कशी गेली कळत नाही.

दादाला फोनवर लावून द्यायला सांगा, पहिलं बिली कॉबहॅमचं 'स्ट्रॅटस', 1973 चं. कॉबहॅम ड्रमवाला. पुढे झाकिरभाईंबरोबर 'शक्ती' या बँडमध्ये वाजवणारा गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन त्याआधी महाविष्णू ऑर्केस्ट्रा हा विजेवर चालणारा, वीज पडल्यासारखा बँड चालवायचा, त्यातला हा. 'स्ट्रॅटस'मध्ये सुरुवातीचे काही विचित्र आवाज संपले की लेलँड स्क्लार बेसवर एक छोटी ओळ सुरू करतो आणि सोडतच नाही. वर ड्रम, गिटार, कीबोर्ड आकाशपाताळ एक करतात. बाबा, तुम्ही ड्रम ऐकाल. आई, तू फक्त बेस ऐक. तुझीच जागा आहे ती.

दुसरं हर्बी हॅनकॉकचं 'कमेलियन', त्याच वर्षीच्या 'हेड हंटर्स' या एलपीवरचं, पंधरा मिनिटांच्या वर. हॅनकॉक मूळचा जॅझ पियानोवाला. त्याआधी काही वर्षं त्याचा बँड इतकं अधांतरी वाजवत होता की त्याचं त्यालाच जमिनीवर यावंसं वाटलं. मग त्याने सिंथेसायझरवर ही बेसची ओळ वाजवली. जगातला कुठलाही बेसवाला ती झोपेत वाजवू शकेल, आणि नीट वाजवायला आयुष्य जाईल. त्याच एलपीवर एका गाण्याच्या सुरुवातीला बिल समर्स हा तालवादक बिअरच्या बाटलीत फुंकून मध्य आफ्रिकेतल्या जंगलवासी लोकांच्या बासरीची नक्कल करतो. आईला ते फार आवडेल.

आता माझ्या गावाबद्दल, कारण कोलोनला मी आता माझं गाव म्हणते. 1968 मध्ये इथे कॅन नावाचा बँड सुरू झाला. दोघं श्टॉकहाउझेनकडे शिकलेले, म्हणजे आधुनिक पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या अगदी टोकाच्या घराण्यातले. ड्रमवर याकी लीबेत्साइट. हा आधी मुक्त जॅझ वाजवायचा, जिथे ठेकाच नसतो, आणि त्याला त्याचा कंटाळा आला. मग तो ठेक्याकडे असा वळला की पुढे कधी हलला नाही. 1971 च्या 'टॅगो मॅगो'वरचं 'हालेलुवा' 18 मिनिटांचं आहे आणि एवढा वेळ त्याचा ठेका जवळजवळ तोच. मी बँडमधल्या मुलांना म्हटलं, माझे वडील म्हणतात बोलांची चमक दोन वर्षांत येते, ठेका धरायला वीस वर्षं लागतात. त्यांनी ते वाक्य तळघराच्या दारावर जर्मनमध्ये लिहून ठेवलं आहे. पुढे कॅनने कोलोनजवळच्या वायलर्स्विस्ट गावात एका जुन्या चित्रपटगृहात स्टुडिओ केला आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना लष्कराच्या जुन्या गाद्या लावल्या. वाड्यातल्या भाडेकरूंना त्रास नको म्हणून तुम्ही खिडकीवर रजई टांगायचात, तसंच.

आणखी एक, खास बाबांसाठी, कारण यात हिशेब आहे. किंग क्रिमझन हा प्रोग्रेसिव्ह रॉकमधला जुना, कडक शिस्तीचा बँड. 1981 च्या 'डिसिप्लिन' या एलपीवर 'थेला हुन जिंजीट' नावाचं गाणं आहे. नावाला अर्थ नाही, इंग्रजी शब्दांची अक्षरं उलटीपालटी केली आहेत. खाली बेस आणि ड्रम चारात, चक्क फंक. वर रॉबर्ट फ्रिपची गिटार सातात. चाराच्या आवर्तनात अर्ध्या मात्रा आठ, गिटारच्या ओळीत सात. सात आठे छप्पन्न, म्हणजे चाराची सात आवर्तनं झाली की दोघं एका समेवर. बाबा, तुम्ही बोटांवर मोजाल हे मला इथून दिसतंय. पण मोजायची गरज पडत नाही, हेच त्यांचं मोठेपण. पाय खालच्या चाराबरोबर जातो आणि डोकं वरच्या साताबरोबर, आणि भांडण होत नाही.

या गाण्यातला दुसरा गिटारवादक एड्रियन बेल्यू. तो 1980 मध्ये टॉकिंग हेड्स या बँडबरोबर दौऱ्यावर होता, आणि त्याच मंचावर कीबोर्डवर बर्नी वॉरेल होता, फंकाडेलिकचा. म्हणजे फंकचा कीबोर्डवाला आणि किंग क्रिमझनचा होऊ घातलेला गिटारवाला शेजारी शेजारी. हा वॉरेल लहानपणापासून पाश्चात्त्य शास्त्रीय पियानो शिकलेला, बोस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत गेलेला. 1977 च्या 'फ्लॅश लाइट'मधला बेस त्याने गिटारवर न घेता मूग सिंथेसायझरवर वाजवला आणि त्यानंतर नाचगाण्यांतल्या बेसचा आवाजच बदलला. दोन संगीतं भेटली असं आपण म्हणतो, पण भेटतात ती माणसं. कुणीतरी कुणालातरी वाजवायला बोलावतं, तेव्हा.

इथे मला बेस शिकवणारं कुणी नव्हतं. पहिले सहा महिने मी सगळ्या जागा भरत सुटायची, गिटारवाल्याच्या पुढे पुढे. एका बुधवारी फार थकले होते आणि फक्त एक ओळ धरून बसले. वाजवून झाल्यावर कीबोर्डवाली म्हणाली, आज पहिल्यांदा मला कुठेही जावंसं वाटलं. त्या रात्री मला आईची पाठ आठवली, पेटीवर वाकलेली. मी इतकी वर्षं समजत होते की मी बाबांकडून शिकले. शिकले ते आहेच. पण आई, या बँडमध्ये मी तुझं काम करते.

म्हणून एक मागणं आहे. आम्हाला त्या सात मात्रांच्या चालीसाठी तुझा लेहरा हवाय, खरोखर तुझ्या पेटीचा, आम्ही त्यावर वाजवणार आहोत. तीव्र्याचा, किरवाणीतच चालेल. पट्टी पांढरी तीन ठेव, माझ्या बेसची सगळ्यात जाड तार तिथेच लागते. बाबांनी लय द्यावी, मध्य, जरा ओढती. दादा फोनवर रेकॉर्ड करेल. हे पत्र पोचेल तेव्हा नदीपात्रात पथकांचा सराव सुरू झाला असेल, तेव्हा सकाळी लवकर करा. दहा मिनिटं पुरे. आणि मधे थांबू नकोस, शिट्टी झाली तरी. ती रेकॉर्डिंगमध्ये राहू दे.

तुमची,
धाकटी