ते वेळीच निघून का गेले नाहीत?

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

जर्मनीतले ज्यू वेळीच देश सोडून का गेले नाहीत, असं तू विचारलंस. या प्रश्नात नकळत मारले गेलेल्यांच्याच माथी दोष येतो, म्हणून सविस्तर लिहिते. १९३३ साली, हिटलर सत्तेवर आला तेव्हा, तिथे सुमारे सव्वापाच लाख ज्यू होते. युद्ध सुरू होईपर्यंत त्यांतले निम्म्याहून अधिक बाहेर पडलेले होते.

७ एप्रिल १९३३ च्या कायद्याने ज्यूंना सरकारी नोकरीतून काढलं, पण पहिल्या महायुद्धात आघाडीवर लढलेल्यांना सूट ठेवली. अशा सवलतीच घात करतात. आपल्यापर्यंत झळ येणार नाही, असं माणसाला वाटत राहतं. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनंतर ती सूटही गेली. चारपैकी तीन आजी-आजोबा ज्यू धर्माचे असले की माणूस ज्यू ठरे, मग त्याने स्वतः बाप्तिस्मा का घेतलेला असेना. आजोबांचा धर्म शोधायचा तो चर्चच्या आणि ज्यू समाजाच्या जुन्या नोंदवह्यांत. कायदा वंशाच्या नावाने केला, पुरावा मात्र धर्माचाच लागला.

मग मालमत्ता. एप्रिल १९३८ मध्ये हुकूम निघाला, की ५,००० मार्कांवरची सगळी मालमत्ता ज्यूंनी लिहून द्यावी. नोव्हेंबरात सभास्थानं जाळली, दुकानं फोडली, सुमारे ३०,००० पुरुष छळछावण्यांत डांबले आणि वर ज्यूंनाच १०० कोटी मार्क दंड ठोठावला. वसुलीसाठी एप्रिलमधली ती यादी हाताशी होतीच. प्रत्येकाच्या नोंदलेल्या मालमत्तेतून आधी २० टक्के, पुढे आणखी ५ टक्के घेतले. विम्याची भरपाईसुद्धा सरकारने गिळली.

आता निघणाऱ्याचे हाल बघ. देश सोडायचा कर मालमत्तेच्या २५ टक्के. तो १९३१ चाच, पण १९३४ मध्ये त्याची मर्यादा दोन लाख मार्कांवरून ५०,००० वर आणली, म्हणजे मध्यमवर्गही त्यात सापडला. उरलेला पैसा गोठवलेल्या खात्यात. तो परकीय चलनात बदलायला गेलं, तर १९३९ मध्ये शंभरातले जेमतेम चार हाती येत. शिवाय कर चुकता केल्याचा दाखला हवा, परदेशाचा व्हिसा हवा, बोटीचं तिकीट हवं. प्रत्येकाला मुदत. एक हातात येईस्तोवर दुसऱ्याची मुदत संपे आणि फेऱ्या पुन्हा पहिल्यापासून. अमेरिका जर्मनी-ऑस्ट्रिया मिळून वर्षाला जास्तीत जास्त २७,३७० जणांनाच स्थायिक होऊ देई. जुलै १९३८ मध्ये या निर्वासितांचं काय करायचं ते ठरवायला फ्रान्समधल्या एव्हियाँला ३२ देश जमले, हळहळले, पण दारं जवळपास कोणीच उघडली नाहीत. जे सरकार हाकलत होतं, तेच कंगाल करून सोडत होतं. आणि कंगाल निर्वासित कोणालाच नको होता.

ऑक्टोबर १९४१ मध्ये बाहेर जायलाच बंदी आली. २५ नोव्हेंबरच्या हुकुमाने देशाबाहेर वास्तव्य असलेल्या ज्यूचं नागरिकत्व गेलं, मालमत्ता सरकारजमा झाली. मारण्यासाठी रेल्वेने पूर्वेकडे पाठवलेल्यांनाही हाच नियम लावला. त्या गाड्यांचं भाडं रेल्वे माणशी, किलोमीटरवर आकारत असे: तिसऱ्या वर्गाचं, फक्त जाण्याचं, दहा वर्षांखालच्यांना अर्धं.

तुझ्या निबंधात एक दुरुस्ती कर. हत्याकांडाचा निर्णय २० जानेवारी १९४२ च्या, बर्लिनजवळ वान्झे इथे भरलेल्या बैठकीत झाला, असं लिहू नकोस. कीव्हजवळ बाबी यार इथे सप्टेंबर १९४१ मध्येच दोन दिवसांत ३३,७७१ जणांना गोळ्या घातल्या होत्या, आणि पोलंडमधल्या खेल्मनोच्या छावणीत ८ डिसेंबरपासून विषारी धुराने मारणं सुरू होतं. वान्झेला जमलेल्या १५ जणांनी आधीच सुरू असलेल्या हत्याकांडासाठी खात्याखात्यांत मेळ घातला. त्यांत गृह, न्याय आणि परराष्ट्र खात्यांचे वरिष्ठ अधिकारी होते. त्यांची नावं आणि हुद्दे निबंधात जरूर दे.

तुझी आई