किहीचं मनगट आणि तुझा गुडघा

नागपूर,
11 एप्रिल 2019

चि. ओजस,
अनेक आशीर्वाद.

आज इथे मतदान आहे. ऊन चढायच्या आत परत यायचं म्हणून बाबा आजीला घेऊन सकाळीच रांगेत उभे राहायला गेलेत. घरात कुणी नाही, तेवढ्यात लिहून घेते. परवा फोनवर आपलं जे झालं, ते पुन्हा फोनवर नको. ‘आई, तू जरा किहीला बघ,’ म्हणालास आणि फोन ठेवलास. तुमच्या संघातला तो किही क्लार्क, मोडलेल्या मनगटाने खेळलेला. त्याला मी सगळा सीझन बघतेय, राजा.

आधी अभिनंदन. मंगळवारी सकाळी तुमच्या व्हर्जिनिया विद्यापीठाची बास्केटबॉलची फायनल ओव्हरटाइममध्ये गेली आणि कुकरकडे माझं लक्षच राहिलं नाही, डाळ खाली लागली. बाबांना थ्री पॉइंटरची रेघ कुठली ते अजून कळत नाही, पण 85-77 हा स्कोअर त्यांनी बँकेत शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना सांगितला. मधेच कुणीतरी विचारलं, मुलगा संघात आहे का? हे म्हणाले, ‘तिथेच असतो.’

आणि मग तुझा फोटो आला. कॅम्पसजवळच्या ‘कॉर्नर’वरची ती गर्दी, तू कुणाच्या तरी खांद्यावर, अंगात नारिंगी शर्ट, आणि गुडघ्याला ब्रेस नाही.

जानेवारीत ऑपरेशन झालं. तुझे तिथले डॉक्टर नऊ महिने म्हणाले होते. हा एप्रिल आहे. शिवाय रूममेटकडून कळलं की तू जिममध्ये ‘नुसतं शूटिंग’ करायला जातोस. नुसतं शूटिंग काय असतं ते मला सांगू नकोस, रिबाउंड आला की पाय आपोआप उचलले जातात. या पत्रात गुडघ्याचं काढायचंच नाही असं ठरवून बसले होते.

जाऊ दे. गेल्या वर्षीचं आठवतंय? पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी तो सामना लागला होता. तुमचं पहिलं मानांकन, समोर अभिजितदादाचं विद्यापीठ यूएमबीसी, सोळावं. त्याआधीच्या 135 सामन्यांत सोळाव्याने पहिल्याला एकदाही हरवलं नव्हतं. हाफटाइमला 21-21 होतं, म्हणून मी पोहे टाकायला आत गेले. बाहेर आले तर तुमची धूळधाण चालली होती. 74-54. यूएमबीसीचं चिन्ह रिट्रीव्हर कुत्रा, म्हणून अभिजितदादाने फॅमिली ग्रुपवर कुत्र्यांचे फोटो टाकायला सुरुवात केली आणि तू ग्रुप सोडलास. पाडव्याला श्रीखंड आणलं, पण तुझ्या आवाजावरून तू जेवला नाहीस हे कळत होतं.

त्या दिवशी तुमचा डिआंड्रे हंटर खेळला नव्हता. डाव्या मनगटाचं हाड मोडलं होतं, स्पर्धा सुरू व्हायच्या आधीच तो बाहेर. इतकी नाचक्की झाली तरी ‘बांधून घे आणि उतर’ असं तुमच्या कोच टोनी बेनेटने त्याला म्हटलं नाही. त्याने मनगट नीट बरं होऊ दिलं. परवा फायनलला शेवटची काही सेकंदं उरलेली, टेक्सस टेक तीनने पुढे, तुमचा जेरोम आत घुसला आणि त्याने बॉल बाहेर दिला, तिथे कोण उभं होतं? हंटरच ना? 68-68. एकूण 27 पॉइंट्स केले त्याने. मला काय म्हणायचंय ते तुला कळलंय.

आता तुझा किही. मान्य, डिसेंबरात त्याचंही मनगट मोडलं, ऑपरेशन झालं आणि हात बांधून तो खेळला. पण तो मनगटावर उभा राहत नाही रे! आणि त्याच्याभोवती डॉक्टर, फिजिओ, ट्रेनर सगळा ताफा आहे. तुझ्याभोवती तो रूममेट आहे, जो मॅगीसुद्धा जाळतो.

किही मात्र गुणी आहे. परड्यूविरुद्धच्या सामन्यात जेरोमचा फ्री थ्रो चुकला, तुमच्या डियाकिटेने बॉल मागे टोलवला आणि तो पार तुमच्याच अर्ध्या कोर्टात गेला. घड्याळ पळतंय आणि संघातला सगळ्यात बुटका पोरगा त्याच्यामागे धावतोय. मी गार्ड खेळायचे म्हणून सांगते, तिथून बहुतेक गार्ड डोळे मिटून बास्केटकडे फेकतात. जेरोम त्याच्या जवळ होता, त्यालाही त्याने दिला नाही. सरळ लांबवर डियाकिटेला पास केला. 70-70, आणि मग ओव्हरटाइममध्ये 80-75. तो पास मी मागे नेऊन नेऊन पाहिलाय. आमचे सर असते तर सरावाला सगळ्यांना बसवून दाखवला असता.

सरांवरून सुषमामावशी आठवली. विद्यापीठाच्या संघात डाव्या हाताने लेअप टाकणारी तेव्हा ती एकटी होती. अमरावतीला सिमेंटच्या कोर्टवर गुडघ्यातून आवाज आला, तो मला बेंचवर ऐकू आला होता. तेव्हा कसलं एमआरआय! आंबेहळदीचा लेप, क्रेप बँडेज, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा सामना. तुझ्या मुंजीत मावशी पूर्ण वेळ खुर्चीवर का बसलीय असं तू मला विचारलं होतंस. तेव्हा मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली असेल.

लेक्चर झालं. सॉरी. बाबा म्हणतातच, तुझं पत्र म्हणजे प्राचार्यांचं परिपत्रक.

ऑबर्नविरुद्धच्या सेमीफायनलचं तुला सांगायचं राहिलं. यंदाच्या पाडव्याची गुढी संध्याकाळी उतरवली आणि पहाटे साडेतीनचा गजर लावून मी बसले. तू पाठवलेली लिंक दर दोन मिनिटांनी गोल गोल फिरायची. आजी पाचला उठली ती देवघरात न जाता माझ्या शेजारी. शून्य पूर्णांक सहा सेकंद उरलेत, ऑबर्न दोनने पुढे, तुमच्या काइल गायला तीन फ्री थ्रो. आजीने विचारलं, ‘हा एकटाच का उभा आहे?’ म्हटलं, फाऊल झालाय, आता बाकीच्यांनी काही करायचं नसतं. पहिला गेला, दुसरा गेला. मग ऑबर्नने टाइमआउट घेतला. तेवढ्यात आजी म्हणाली, ‘अगं, त्याला पाणी तरी द्या कुणीतरी.’ तिसराही गेला. 63-62. आजीने साखरगाठीचा तुकडा आधी देवापुढे ठेवला, मग लॅपटॉपपुढे.

पण एक सांगू? त्याआधी जेरोमचं डबल ड्रिबल, म्हणजे ड्रिबल थांबवून पुन्हा सुरू करण्याचा नियमभंग, झालं होतं. स्वच्छ. रेफ्रींनी दिलं नाही ही तुमची पुण्याई. हे मी अभिजितदादाला सांगितलेलं नाही, घरातलं घरात राहू दे.

तुझी पॅक लाइन, म्हणजे आत दाटीने उभं राहून बास्केटची वाट अडवणारा बचाव, मला आता समजते. लोक म्हणतात व्हर्जिनिया कंटाळवाणं खेळतं, तीस सेकंदांतली बहुतेक नुसता बॉल फिरवण्यात घालवतं. मला तेच आवडलं. 35 जिंकले, तीन हरले, आणि गार्डनर-वेबविरुद्ध 14 पॉइंट्स मागे पडले तेव्हाही कुणी पिसाटल्यासारखं धावलं नाही. तू लहानपणी कॅरमसुद्धा घाईने खेळायचास.

आता तू टेक्सस टेकच्या ओवेन्सचं काढशील. घोटा दुखावलेला असताना फायनल खेळला. खेळला, आणि ते हरले. त्याच्यामुळे हरले असं मी म्हणत नाही. त्याच्या आईने तो सामना कसा पाहिला असेल एवढंच माझ्या मनात आलं.

तू तिथे पोचायच्या आधीच, 2017 च्या ऑगस्टमध्ये, तुझ्या शार्लट्सव्हिलमधल्या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या मशालमोर्चाचे ते व्हिडिओ टीव्हीवर आले होते. बाबा म्हणाले होते, तिकीट रद्द करू. मी म्हटलं, जाऊ दे त्याला. आता त्याच गावातल्या रस्त्यावर तुला लोकांनी खांद्यावर घेतलंय. फोटो मी प्रिंट करून फ्रिजवर लावलाय, हे तुला सांगणार नव्हते. खालचा भाग कापून. ब्रेस नसलेला पाय रोज कोण बघणार?

शनिवारी स्कॉट स्टेडियमवर सत्कार आहे म्हणालास. जा. ब्रेस घाल, गर्दी सुटायच्या आधी किंवा सगळी पांगल्यावर पायऱ्या उतर, आणि कुणी खांद्यावर घेतो म्हणालं तर घेऊ देऊ नकोस. जुना एमआरआय आणि फिजिओने दिलेला कागद विवेकमामाला पाठवून दे, तो तुला काही बोलणार नाही. व्हिसाची तारीख मिळाली की कळवते. पदवीदानाला लॉनवरून बरंच चालावं लागतं म्हणे, बाबांनी त्यासाठी बूट घेतलेत, चावतात.

रविवारी फोन कर. मी गुडघ्याचं विचारणार नाही. आजी विचारेल.

तुझी,
आई