फेस नाही, म्हणून भांडी खरकटी?

महोदय,

घरातली साफसफाई पर्यावरणपूरक कशी करावी, यावर आपल्या पुरवणीत नुकतंच एक पान आलं होतं. वाचलं, आवडलंही. पण ती साफसफाई प्रत्यक्ष करणारं माणूस त्यात कुठेच दिसलं नाही.

आमच्याकडे हा बदल दीड वर्षापूर्वी सुरू झाला, तो काही नदीच्या कळवळ्याने नाही. भांडी घासायला येणाऱ्या मावशींच्या बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या. त्या पाच घरांत पाच तऱ्हेचे साबण हाताळतात आणि एका घरी संडासाला ॲसिड, तेही हातमोजे न घालता.

मी रिठे आणले. रात्री भिजत घालायचे, सकाळी उकळून कोळायचे, गाळून घ्यायचे. मावशींनी पहिल्याच दिवशी नापास केलं. ''ताई, फेसच नाही. भांडं निघाल्यासारखं वाटत नाही.'' त्यांचं काय चुकलं? फेस म्हणजे स्वच्छता हे आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात पक्कं बसलंय. चिकटा काढायचं काम फेस करत नाही, तरी फेस दिसावा म्हणून आपण हात सैल सोडून ओततो. मग आळंदीला इंद्रायणीवर फेसाचे पांढरे थर तरंगले की हळहळतो. तो फेस सगळा आपल्या मोरीतला नाही, कारखान्यांचं सांडपाणीही त्यात आहे. पण आपण अगदीच नामानिराळे नाही.

तेलकट कढईपुढे मात्र रिठा हरतो, हे कबूल करायला हवं. आम्ही आता आधी गव्हाच्या कोंड्याने तेल पुसून घेतो, मग गरम पाणी आणि चमचाभर धुण्याचा सोडा. सोड्यानेही हात कोरडे पडतात, म्हणून हातमोजे आणलेच. प्लॅस्टिकच्या घासणीऐवजी नारळाची शेंडी दिली, ती मावशींना लगेच पटली. ''आमच्या गावाकडं हेच होतं की,'' म्हणाल्या. दीडशहाणी मी!

संत्र्या-मोसंबीच्या सालींचं बायोएन्झाइम, म्हणजे साली आंबवून केलेलं सफाईचं पाणीही करून पाहिलं. एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, तीन महिने. सुरुवातीचे दिवस झाकण रोज सैल करून आतला वायू सोडावा लागतो. ते एकदा विसरले, तर झाकण उडून साली थेट माळ्यावर. आणि हे पाणी आंबट असतं. आमच्या जुन्या शहाबादी फरशीवर पाण्यात न मिसळता तसंच ओतलं, तो फिकट डाग आजही आहे. फरशीच्या दगडाला आंबट चालत नाही, हे त्या पानात यायला हवं होतं.

व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करा, हा सल्ला तर सगळीकडे फिरतो. बुडबुडे छान येतात, पण दोघे एकमेकांना मारतात आणि हाती जवळजवळ खारट पाणी उरतं. वेगवेगळे वापरा, उपयोगी आहेत. घरात आजारपण असेल तेव्हा मी ब्लीचच वापरते, त्यात मला कमीपणा वाटत नाही. फक्त ते संडासाच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि तो पहिल्यांदा मोरीत वाकून घासणाऱ्या बाईच्या नाकात जातो.

दुकानात हिरव्या पानांचं चित्र असलेल्या बाटल्या दिसतात. किंमत दुप्पट, बाटली तीच प्लॅस्टिकची. माझ्या अंगाच्या साबणावर घटकांची यादी आहे, फरशीच्या बाटलीवर 'नैसर्गिक' एवढाच शब्द. पर्यावरणाला कमी त्रास देणाऱ्या वस्तू ओळखता याव्यात म्हणून केंद्र सरकारने 1991 मध्ये इकोमार्क आणला. मातीचा माठ हे त्याचं चिन्ह, साबण आणि डिटर्जंटही त्याच्या कक्षेत. 2024 मध्ये त्याचे नवे नियमही निघाले. मी ज्या दुकानांतून सामान आणते, तिथल्या एकाही बाटलीवर मला तो माठ अजून सापडलेला नाही. आपल्या वार्ताहरांनी याचा माग काढला तर बरं होईल.

आणि पुढचं पान काढाल तेव्हा धुणीभांडी करणाऱ्या चार जणींशी आधी बोलून घ्या. कोणत्या घरातल्या साबणाने हात सोलतात, हे त्या बाटलीकडे न बघता सांगतात.

आपली,
एक वाचक, मोशी