शेअर घ्यायला सांगता, विकायचा कसा तेही सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या अंकातला बँकांच्या शेअरवरचा लेख वाचला. काल दिवसभर डोक्यातून जाईना म्हणून आज लिहायला बसलोय. लेखकांचा अभ्यास मोठा आहे, त्याबद्दल आदर आहेच. पण कोरोना असो की राजकीय गोंधळ, पडझडीत चांगल्या बँकेचे शेअर घेऊन ठेवावेत आणि शांत बसावं, हा सल्ला वाचून मला राग आला. अख्ख्या लेखात शेअर कधी घ्यावा एवढंच आहे. गरज पडली की तो विकून पैसे हातात कसे येतात, किती दिवसांत येतात, येतात तरी का, यावर एक ओळ नाही.

स्टेट बँकेचं उदाहरण दिलंय, मे 2020 ला दीडशेच्या आसपास होता आणि ऑगस्ट 2021 मध्ये चारशेच्या वर. बरोबर आहे, कोण नाही म्हणतंय. 23 मार्च 2020 ला सेन्सेक्स एका दिवसात 3,934 अंकांनी आपटून 25,981 वर आला आणि 27 ऑगस्ट 2021 ला 56 हजारांच्या वर बंद झाला, हेही मान्य. मग त्याच काळातल्या बाकीच्या बँका लेखात का नाहीत? येस बँकेचा शेअर ऑगस्ट 2018 मध्ये चारशेला होता, ऑगस्ट 2021 मध्ये दहा-अकरा रुपये. आणि भाव पडला हे एकवेळ सोडा, ती बँक वाचवायला सरकारनं आणलेल्या मार्च 2020 च्या योजनेत शंभरपेक्षा जास्त शेअर असलेल्या साध्या माणसाचेसुद्धा 75 टक्के शेअर तीन वर्षांसाठी अडकवून ठेवले, म्हणजे मार्च 2023 पर्यंत घरात आजारपण येवो नाहीतर लग्न निघो, हात लावायचा नाही. लक्ष्मी विलास बँकेचं तर नोव्हेंबर 2020 मध्ये दहा दिवसांत आटोपलं. 17 तारखेला पैसे काढण्यावर निर्बंध आले, 27 ला बँक डीबीएस बँकेत विलीन झाली आणि भागधारकांच्या हातात शून्य. ठेवीदारासाठी निदान ऑगस्ट 2021 मध्ये संसदेत कायदा झाला, बँक अडकली तर नव्वद दिवसांत 5 लाखांपर्यंत पैसे मिळतील. पेण अर्बन बँकेत पैसे अडकलेली माणसं 2010 पासून हेच मागत होती. शेअरवाल्याला असं काहीही नाही आणि नसणारच, तो धोका त्यानं पत्करलेला असतो, मला समजतं. पण मग लिहिणाऱ्यानं तसं स्पष्ट लिहावं ना. आणि ज्यांना विकायचं नाही, नुसत्या डिव्हिडंडवर समाधान आहे, त्यांचा डिव्हिडंडसुद्धा रिझर्व्ह बँकेनं एप्रिल 2020 ला थांबवला आणि 2019-20 या वर्षाचा राहिलेला शेवटी दिलाच नाही. बँका सावरायला ते गरजेचं असेलही, पण लेखात ते यायला हवं होतं.

आता माझं सांगतो. आमचे बाबा मुंबईला नोकरीत होते. नव्वदच्या दशकात बँकांचे इश्यू आले तेव्हा त्यांनी पगारातून साठवून एका बँकेचे शेअर घेतले आणि कधी विकले नाहीत, म्हणजे तुमच्या लेखकांनी सांगितलंय अगदी तसंच वागले. कागदी सर्टिफिकेटं, फक्त त्यांच्या एकट्याच्या नावावर. 2019 च्या एप्रिलपासून कागदी शेअर डिमॅट, म्हणजे कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक खात्यात, केल्याशिवाय विकून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत हे कळल्यावर त्यांनी डिमॅटची तयारी सुरू केली, फॉर्म भरले, पॅनवरचं आणि सर्टिफिकेटवरचं नाव जुळत नाही म्हणून ते परत आले, पुन्हा भरेपर्यंत लॉकडाऊन लागला आणि पोस्ट, कुरिअर, सगळंच ठप्प. 2021 च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत बाबा गेले. शेअर आईच्या नावावर करायचे म्हणून मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, बहिणींचं ना-हरकत पत्र असं एकेक जमवत होतो, दोघी बहिणी मुंबईला, प्रवासाला ई-पास लागायचे दिवस. आणि 22 जुलैला वाशिष्ठीचं पाणी घरात आलं.

चिपळूणचा पूर तुम्ही छापलात, फोटोही छापलेत, त्यामुळे त्याबद्दल जास्त लिहीत नाही. दुकान तळमजल्यावर, मोटारी रिवाइंड करायचं काम. गिऱ्हाइकांच्या मोटारी, तांब्याची तार, मशीन, सगळं गाळात. घरी लोखंडी कपाट आडवं झालं होतं, त्यातली सर्टिफिकेटं पिशवीत होती तरी भिजली, एकमेकांना चिकटली, नंबर वाचता येत नाहीत. बँकेच्या शेअरची नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रारचं उत्तर आलं की नंबर वाचता येत नसेल तर सर्टिफिकेट हरवलं असं धरून डुप्लिकेट मागा. म्हणजे पोलिसांचा दाखला, स्टँप पेपरवर इंडेम्निटी बाँड, म्हणजे नुकसान झालं तर भरून देण्याची हमी, जामीनदार, पेपरात जाहीर नोटीस आणि आईची सही बँक मॅनेजरनं तपासून शिक्का मारलेली. आईचं खातं ज्या शाखेत ती शाखाच पाण्याखाली गेलेली, सहीचं कार्ड मिळत नाही. तिथल्या माणसांना मी दोष देत नाही, त्यांची स्वतःची घरं बुडाली होती.

या कागदांची आजच्या भावानं किंमत चार लाखांच्या वर होते. मला दुकान उभं करायला त्याच्या निम्मे पुरेत. पण ते मिळत नाहीत! सेन्सेक्स 56 हजार झाला काय आणि 26 हजार झाला काय, आईला त्यातला एक रुपया औषधाला काढता येत नाही.

शाखेतून सांगितलं की रत्नागिरीला वरच्या ऑफिसात सही तपासून मिळेल. 24 ऑगस्टला आईला घेऊन निघालो. वय शहात्तर, गुडघे दुखतात. त्याच दिवशी संगमेश्वरात तेव्हाचे केंद्रीय मंत्री नारायण राणे यांना अटक झाली. हायवेवर पोलीस, कार्यकर्ते, घोषणा, गाड्या जागच्या जागी. पोचेपर्यंत ऑफिसची वेळ संपलेली. तुमचे लेखक म्हणतात की राजकीय गोंधळाचा परिणाम बाजारावर दोन दिवस राहतो, त्याकडे दुर्लक्ष करावं. बाजारानं खुशाल करावं. आई गाडीत पाच तास बसून कोऱ्या कागदानिशी घरी आली, तिनं कशाकडे दुर्लक्ष करावं?

आणखी एक. लेखात बँकांचे जूनच्या तिमाहीचे नफे दिलेत आणि त्यावरून बँका भक्कम आहेत असं म्हटलंय. ती तिमाही 30 जूनला संपली, पूर आला 22 जुलैला. आमच्या बाजारपेठेत, वडनाक्याला, चिंचनाक्याला, खेर्डीला ज्यांची कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठी बँकेकडून घेतलेली कर्जं, आहेत त्यांची दुकानं अजून धुवायची चालली आहेत. 2020 मध्ये कर्जाचे हप्ते ऑगस्टपर्यंत पुढे ढकलायची सवलत होती, त्यात थकबाकी दिसलीच नाही. कोणत्या बँकेचं किती कर्ज परत येईल हे आत्ता त्या बँकेलाही नीट माहीत नसेल, मग घरबसल्या वाचकाला घेऊन ठेवा म्हणून सांगायची घाई कशाला? निदान एवढं तरी लिहा की औषधाचे, घराचे, धंद्याचे पैसे यात घालू नका, नॉमिनी लावा, कागदी शेअर असतील तर आधी डिमॅट करा. हे लिहायला एक चौकट पुरते.

आता तुमच्याशी थेट संबंध असलेली गोष्ट. डुप्लिकेटसाठी लागणारी जाहीर नोटीस मी आपल्याच पेपरात दिली, पैसे भरून. छापताना शेअरच्या फोलिओ (खाते) नंबरातले दोन आकडे उलटे पडले. मी दिलेल्या मजकुरात बरोबर आहेत, प्रत माझ्याकडे आहे. रजिस्ट्रारनं ती नोटीस नाकारली. जाहिरात विभागाला फोन केला तर पुन्हा पैसे भरून द्या म्हणाले. चूक तुमच्याकडे झालेली, मी पुन्हा पैसे का भरायचे? तसंच लॉकडाऊनपासून तुम्ही शेअरभावांचं पान बंद केलंत ते अजून सुरू नाही. बाबा रोज त्यावर पेन्सिलनं खूण करायचे, आमच्याकडे मोबाइलवर भाव न बघणारी माणसं अजून पुष्कळ आहेत. त्या पानाला जागा नाही आणि शेअर घ्या सांगणाऱ्या लेखाला अर्धं पान, हे पटत नाही.

गणपती पुढच्या आठवड्यात आहेत. त्याच्या आत नोटीस दुरुस्त करून विनाशुल्क छापावी ही विनंती. पावती, मूळ मजकूर आणि छापलेल्या नोटिशीची झेरॉक्स सोबत जोडली आहे.

आपला,
एक जुना वाचक
बाजारपेठ, चिपळूण