आधी पाण्याचा हिशेब

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

पाचशे रोपांचा बेत आईकडून कळला. तुझ्या उत्साहावर पाणी ओतायचं नाही, ते रोपांसाठीच पुरत नाही. म्हणून सांगतो, यंदा पन्नासच लाव.

हिशेब बघ. छप्पर १०० चौरस मीटरचं. त्यावर ५०० मिलिमीटर पाऊस पडला तर ५०,००० लिटर होतात. सांडलवंड धरून ४०,००० साठवता येतील. एका रोपाला आठवड्याला २० लिटर दिलंस तर पन्नास रोपांचे कोरडे आठ महिने सहज निघतात. पाचशे रोपं तेच पाणी चार आठवड्यांत संपवतील.

मी पहिल्या वर्षी तीनशे लावली होती. तिसऱ्या उन्हाळ्यात चाळीसही उरली नाहीत आणि मी पावसाला नावं ठेवत बसलो. मग सहज एक वाळकं रोप उपटलं. मुळं अजून पिशवीच्याच आकारात, सुतळीच्या गुंड्यासारखी गोल गोल! पिशवी मी फाडली होती, मुळांचा वेढा तसाच राहिला होता. तेव्हा लावण्याआधी मुळं-मातीच्या गड्ड्याला तीन-चार उभ्या चिरा दे आणि तळाची गुंडाळी कापून टाक. दया दाखवू नकोस. खोल गाडूही नकोस. खोड मुळांना मिळतं ती जागा मातीत गेली की तिथली साल कुजते.

भोवतालचं मीटरभर गवत काढ, आळ्यात चार बोटं पाचोळा पसर, पण खोडाला टेकू देऊ नकोस. पाणी रोज चूळभर घातलंस तर मुळं वरच लोळतात. आठवड्यातून एकदाच, पण पोटभर दे.

पाचोळा पेटवायचा मोह होईल. त्यातलं नत्र धुरासोबत जातं आणि हाती नुसती राख राहते. मधे मधे शेंगवर्गीय झाडं घाल. वर्षभराने मुळावरची एखादी गाठ नखाने फोडून बघ. आत गुलाबी दिसली की समज, हवेतलं नत्र धरायचं काम चालू आहे. मला अजूनही ते बघायला आवडतं.

उतारावरच्या गवताळ माळाला मात्र हात लावू नकोस. तिथे झाडं नाहीत म्हणून तो ओसाड ठरत नाही. माती त्या गवतानेच धरून ठेवली आहे.

वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण चिकट न राहता खणण्याजोगी झाली, की कळव. पहार माझ्याकडे आहे, धारदार चाकू तू आण.

तुझा,
बाबा