लातूरच्या सायकलवाल्या मामांना, जाहीर आभार

मामा, नमस्कार.

हे पत्र तुम्ही स्वतः वाचणार नाही हे माहितीय मला, मोबाईलवर कीर्तनाशिवाय तुम्ही दुसरं काही उघडत नाही, म्हणून तुमच्या सूनबाईंना आधीच सांगून ठेवलंय की दुपारी गिऱ्हाईक नसलं की मोठ्यानं वाचून दाखवा आणि मामा मध्येच "ऱ्हाऊ द्या ओ" म्हणून उठून गेले तर संध्याकाळी परत वाचा.

बाकीच्यांसाठी थोडं सांगते. लेकराच्या नीटच्या क्लाससाठी लातूरला रूम करून राहणाऱ्या आया किती आहेत ते लातूरकरांना सांगायला नको, मी त्यातलीच एक. लेक सकाळी गेली की धुणं-भांडी उरकून दिवस मोकळा, ओळख ना पाळख, आणि घरमालकीण कितीही चांगली असली तरी तिच्या ओट्यावर बसायचं किती वेळ. लेकीसाठी मामांच्या दुकानातून सेकंडहँड लेडीज सायकल घेतली होती (क्लास संपले की पोरं जाताना सायकली विकून जातात आणि नव्या वर्षाच्या पोरांना त्याच मिळतात, लातूर पॅटर्नमधला हा धंदा कुणी लिहीत नाही), पण क्लास निघाला दोन गल्ल्या सोडून, मग सायकल आली माझ्या वाट्याला. पुढं बास्केट, मागं कॅरेज, घंटी मात्र खणखणीत.

तुमच्या रविवारच्या घोळक्यात यायच्या आधी मी दुसऱ्या एका सायकल ग्रुपमध्ये विचारून बघितलं होतं. नाव घेत नाही, माणसं वाईट नव्हती. पण पहिला प्रश्न सायकल कुठली, दुसरा गिअर किती, आणि मग "मॅडम, यावर नाही जमणार, निदान हायब्रीड तरी घ्या." हायब्रीड म्हणजे रेसर आणि साधी यांच्या मधली सायकल म्हणे, मला तर कापसाचं बियाणंच आठवतंय. हसले आणि घरी आले.

तुम्ही काय विचारलं? "रविवारी सकाळी औश्याला चाललोय, येताव का ताई?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता मागच्या चाकात हवा मारायला बसलात. सायकल कितीची आहे हे विचारायचा प्रश्नच नव्हता म्हणा, तुम्हीच विकलेली.

त्या हवेच्या पंपाबद्दल मला लिहायचंच होतं. तुमच्या पंपाच्या मुठीला सुतळीनं एक पितळी टोपण बांधलेलं असतंय. व्हॉल म्हणजे चाकात हवा भरायचं तोंड, ते तीन तऱ्हेचं: आपल्या साध्या सायकलीला आत रबरी व्हॉलट्यूब असते तो जुना व्हॉल, पोरांच्या गिअरवाल्या सायकलींना बहुतेक मोटरसायकलसारखा, आणि त्या महागड्या सायकलींना बारीक काडीसारखा, ज्याचं टोकाचं नट आधी सैल करावं लागतंय. त्या बारीक व्हॉलला साधा पंप बसतच नाही, म्हणून ते टोपण. म्हणजे दूधवाल्याची असो की डॉक्टरांची, तुमच्याकडं आलेली सायकल हवेवाचून परत जात नाही. सगळ्यांना सामावून घ्या असलं भाषण तुमच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही, टोपण तेवढं बघितलंय.

आणि तो टायरचा किस्सा. एक पोरगा, नवी कोरी रेसर, टायर फाटलं म्हणून बाजारातून "२८ इंची" टायर घेऊन आला, बसेना. सोबतचे मित्र मोबाईल काढून व्हिडिओ बघायलेत. तुम्ही त्याला तुमच्या काळ्या दांडीच्या सायकलीजवळ नेऊन टायरच्या बाजूवरचे बारीक आकडे वाचायला लावले. दांडीच्या सायकलीवर ६३५, त्याच्या रेसरवर ६२२. दोन्हीला लोक २८ म्हणतात, पण रिम १३ मिलिमीटरनं लहान-मोठी. पोरगा म्हणला हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याची सायकल तुमच्या दुकानातल्या सगळ्या सायकली मिळून होतील त्यापेक्षा महाग असेल, तुम्ही मात्र त्याला एक शब्द टोमणा मारला नाही. मी असते तर मारला असता, खरं सांगते.

कारण उलटा तोराही असतोय ना. आम्ही साध्या सायकलवाले त्या टाईट चड्डीवाल्यांना बघून खुसुखुसू हसायचो, लाख रुपये देऊन उन्हात तडफडायला चाललेत म्हणायचो. तुम्ही एकदा चहा पिता पिता म्हणलात, "ताई, त्या चड्डीला आतून गादी असती, बुड दुखत नाही, तुम्हाला पायजे का एक?" त्यानंतर मी हसणं बंद केलं. चड्डी घेतली नाही.

रविवारच्या त्या घोळक्यात कोण नव्हतं. पेपरवाला पोरगा लाईन उरकून यायचा, बँकेतले एक साहेब पोराच्या छोट्या सायकलवर गुडघे बाहेर काढून, बॅटरीवाली सायकल घेतलेल्या गुडघेदुखीच्या आजी, डॉक्टरांची ती हलकीफुलकी सायकल जी तुम्ही एका बोटावर उचलून सगळ्यांना दाखवायचात. डॉक्टर ब्रेव्हे करतात, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला सायकलनं गाठायचा, २०० किलोमीटर साडेतेरा तासात. त्यांनीच सांगितलं की त्याच्या पॅरिसहून आलेल्या नियमात सायकल माणसाच्या ताकदीवर चालली पाहिजे असं आहे, किमतीचं काही नाही. आजींची बॅटरी तिथं चालली नसती, पण औसा रोडवर पॅरिसचे नियम कुठं लागतात. बिनगिअरची म्हणजे काय खरी सायकल नव्हे, असं कुणीतरी बोललं तेव्हा माझ्या लेकीनं घरी शोधून काढलं की टूर द फ्रान्स या मोठ्या सायकल शर्यतीत १९३७ पर्यंत डिरेलर, म्हणजे चालता चालता गिअर बदलायचं यंत्र, लावायलाच परवानगी नव्हती, म्हणजे तिथले मोठमोठे पैलवान पण चालत्या सायकलवर गिअर न बदलताच डोंगर चढायचे. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणलात, "मग आपण बरोबरच चाललाव."

ज्यांना पळायचंय त्यांनी पळायचं, औश्यात किल्ल्याजवळ चहाला थांबायचं, आणि तुम्ही सगळ्यात मागं पान्याची पिशवी घेऊन. मागं राहणाऱ्याला कधी वाटू दिलं नाही की आपल्यामुळं कुणी खोळंबलंय. ते तीनचाकीवाले भाऊ आले, हातानं पायडल मारायची गाडी त्यांची, त्या दिवशी तुम्ही औसा रद्द करून टाकलं आणि सगळ्यांना गंजगोलाईला नेलं. भल्या सकाळी तिथं गर्दी नसते, सोळा रस्ते फुटतात तिथं, भाऊंनी गोलाईला मनसोक्त चकरा मारल्या आणि टाईट चड्डीवाले त्यांच्या मागं मागं. कुणी कुरकुर केली नाही हे विशेष, कारण त्यातल्या दोघांना दिवसाचे किलोमीटर पूर्ण करायचे होते.

एकच गोष्ट पटत नाही, ती जाहीरपणे लिहिते म्हणजे पळवाट राहायची नाही. हेल्मेट घाला मामा. टोपीच्या वर बसत नाही हे कारण चालणार नाही, डॉक्टर मोठ्या मापाचं आणून देतो म्हणलेत.

आम्ही आता गावाकडं आलोय, सायकल टेम्पोत टाकून आणली. इथं सरकारच्या मानव विकास योजनेतून पोरींना शाळेला जायला मिळालेल्या सायकली आहेत, पोरी बारावी होऊन गेल्या आणि सायकली गोठ्यात पडून. जाऊबाई आणि शेजारच्या दोघी म्हणायल्यात आम्हाला पण शिकव, एकीला तर पन्नाशी लागलीय. पंक्चर मी काढते, तुम्हीच शिकवलंत, पण सामान इथं मिळत नाही. पुढच्या आठवड्यात माझा भाऊ लातूरला येतोय, त्याच्याजवळ हातभर व्हॉलट्यूब, ब्रेकचे रबर तीन सायकलींना पुरतील एवढे, पायडलचा दांडा घट्ट बसवायच्या दोन कॉटर पिना आणि एक ते पितळी टोपण द्या. आणि पैसे घ्या मामा, नाहीतर भाऊला मी सांगून ठेवलंय, सामान तिथंच ठेवून निघून ये म्हणून.

तुमची,
बास्केटवाली ताई